ठोका चुकला नव्हता

मुलगी दहा वर्षांची. तक्रार काहीच नाही. सोबतच्या चिठ्ठीवर मात्र तीन ओळी होत्या : नाडी अनियमित. हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे. तोपर्यंत कोणतेही श्रम करू नयेत.

पोहण्याच्या स्पर्धेसाठी तब्येतीचा दाखला हवा होता, म्हणून आईबाबा तिला नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, जरा वेळ ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि दाखल्याऐवजी ही चिठ्ठी दिली. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी कान देऊन ऐकलं, हेच पुष्कळ झालं. अडचण झाली ती तिसऱ्या ओळीची, कारण चिठ्ठी मिळाल्यापासून माझी वेळ मिळेपर्यंत अकरा दिवस गेले.

त्या अकरा दिवसांत मुलीचं दप्तर बाबा वाहू लागले. खेळाच्या तासाला ती बाकावर बसून राहायची. रात्री आई तिच्या छातीवर हात ठेवून झोपायची, म्हणजे खरं तर जागायची. बाबांनी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणलं होतं आणि दर दोन तासांनी नाडीचे आकडे वहीत टिपले होते. वही माझ्यासमोर उघडताना त्यांनी थेट एका पानावर बोट ठेवलं. पहाटे दोन वाजताची नोंद, ४४, खाली लाल शाईच्या दोन रेघा. "डॉक्टर, चव्वेचाळीस. मी तिला हलवून उठवलं."

मुलगी शेजारच्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती. मी तिला विचारलं, तुला काही जाणवतं का? तिनं आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "झोपताना कधी कधी आत टुणकन उडी मारतं. मग परत नीट होतं." कधीपासून? "आधीपासूनच." त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

लहान मुलांची नाडी घड्याळासारखी चालत नाही. श्वास आत घेतला की ती वेग घेते, सोडला की मंदावते. मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं हे काम आहे, आणि मूल जितकं धडधाकट तितका हा चढउतार ठळक. अनियमित नाडी म्हणून माझ्याकडे पाठवलेल्या मुलांमध्ये पुष्कळांना एवढंच असतं. ओळखायची युक्ती सोपी आहे : मुलाला श्वास रोखायला सांगायचं. चढउतार थांबला तर बहुतेक वेळा काम तिथेच संपतं. हिचा थांबला नाही. श्वास रोखलेला असतानाही तीनचार ठोके सरळ, मग एक घाईघाईनं आलेला ठोका, मग रिकामी जागा, मग एक दणदणीत ठोका.

मनगटावर मात्र त्या घाईच्या ठोक्याचा पत्ता नव्हता. तिथे नुसती रिकामी जागा लागत होती. बाबांच्या लाल रेघांचं उत्तर इथेच आहे. वेळेआधी आलेला ठोका पडतो तेव्हा हृदयात रक्त पुरेसं भरलेलंच नसतं, त्यामुळे त्याची लाट बोटापर्यंत पोहोचत नाही. ऑक्सिमीटर बोटापर्यंत आलेल्या लाटा मोजतं, हृदयाचे ठोके मोजत नाही. एक नेहमीचा, एक जादा, एक नेहमीचा, एक जादा अशी जोडी काही मिनिटं लागली तर ८८ ठोक्यांचे यंत्रावर ४४ दिसतात. काळजाचा ठोका चुकला असं आपण म्हणतो, पण इथे चुकत काहीच नाही, उलट एक ठोका जास्तीचा येतो. त्याच्यामागच्या लांब विश्रांतीत हृदय जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका जोरात बसतो. मुलीची 'टुणकन उडी' तीच.

ईसीजी काढला. नेहमीची लय मिनिटाला ८२. मधूनमधून रुंद, बेढब आकाराचा एक ठोका, त्याच्या आधी वरच्या कप्प्यांची खूण नाही, मागे पूर्ण विश्रांती. म्हणजे हा ठोका खालच्या कप्प्यातून, निलयातून, आपल्या मर्जीनं निघालेला. असे सगळे ठोके एकाच साच्यातले होते, आणि त्यांचा आकार बघता ते उजव्या निलयातून फुप्फुसांकडे रक्त जातं त्या दाराजवळून येत होते. निरोगी हृदयातल्या जादा ठोक्यांचं हे फार जुनं, ओळखीचं ठिकाण आहे. वेगवेगळ्या आकारांचे ठोके दिसले असते तर मी खुर्चीत सरसावून बसले असते.

कागदाच्या माथ्यावर यंत्रानं स्वतःचा एक आकडा छापला होता : क्यूटीसी ४६८. हा आकडा पुढे घरच्यांनी इंटरनेटवर शोधला असता तर आणखी एक वही सुरू झाली असती. क्यूटी म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून हृदयाचे खालचे कप्पे विजेच्या दृष्टीनं पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ. तो वेगाप्रमाणे बदलतो, म्हणून १९२० साली बॅझेट नावाच्या शास्त्रज्ञानं दिलेल्या सूत्रानं दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या वर्गमुळानं त्याला भागतात. तो भागाकार म्हणजे क्यूटीसी, वेगानुसार सुधारलेला क्यूटी. यंत्रानं जादा ठोकेही हिशेबात ओढले होते. ते सोडून, त्यांच्या लगेच मागचा ठोकाही सोडून, मी पट्टीनं मोजलं : क्यूटी ३६० मिलिसेकंद, दोन ठोक्यांतलं अंतर ०.७३ सेकंद. भागाकार ४२१. उत्तम. मुलांच्या ईसीजीवरचा छापील क्यूटीसी मी सहसा वाचत नाही. जिथे लय अनियमित आहे तिथे तर अजिबात नाही.

टूडी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदय नीट होतं. स्नायूंची जाडी, झडपा, डाव्या निलयाची ताकद ६४ टक्के, उजव्या निलयाचा आकार, सगळं वयाला साजेसं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही धमन्या आपापल्या जागेवरून निघतात का, हे मुद्दाम पाहिलं. खेळताना कोसळणाऱ्या मुलांमध्ये ते कधी कधी सापडतं आणि न शोधता दिसत नाही. पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, थायरॉईड, सगळं बरोबर. अलीकडे ताप आलेला नव्हता, तरी हृदयाच्या स्नायूला सूज असल्यास वाढणारं ट्रोपोनिन तपासलं, तेही वाढलेलं नव्हतं. सर्दीचं औषध, दम्याचा पंप, एनर्जी ड्रिंक, यांतलं काही चालू नव्हतं.

आता घरचा इतिहास. मी ठरावीक प्रश्न ठरावीक शब्दांत विचारला : घरात लहान वयात कुणी हृदयविकारानं अचानक गेलंय का? आई म्हणाली, नाही. बेशुद्ध पडणं, फिट येणं? नाही.

मी २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर राहून प्रत्येक ठोका टिपणारा ईसीजी, लावला, फिरत्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) धावण्याची चाचणी पुढच्या आठवड्यात सवडीनं करू असं सांगितलं, आणि त्यांचे चेहरे बघून एक वाक्य जास्तीचं बोलले : "बहुतेक काही नाही. पोहायलाही हरकत नसावी." हे वाक्य मी त्या दिवशी बोलायला नको होतं. होल्टर अंगावर असताना पाण्यात जाता येत नाही, हे माझं नशीब.

दुसऱ्या दिवशी होल्टर काढायला आई आली, सोबत आजीही होत्या. आजी एवढा वेळ गप्प होत्या. निघताना, पदर सावरता सावरता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाण्यात नको पाठवायला असं माझं आधीपासून म्हणणं होतं. हिचा मामा पाण्यातच गेला."

मी त्यांना पुन्हा बसवलं.

आईचा धाकटा भाऊ, वय १७. मित्रांबरोबर तळ्यावर गेला होता. पाणी शांत होतं, पूर नाही, भोवरा नाही. पैलतीरावर जाऊन परत यायचं, अशी पैज होती. मध्येच दिसेनासा झाला. ओरडला नाही, हात वर केला नाही. "पट्टीचा पोहणारा होता हो," आजी म्हणाल्या. "पण पट्टीचेच बुडतात म्हणतात ना."

वीस वर्षांपूर्वी सगळ्या घरानं त्या म्हणीवर विषय मिटवला होता. घरच्यांना दुसरं काय करता येणार होतं? पण माझ्यासारखीच्या कानाला तीच म्हण धोक्याच्या घंटेसारखी लागते. पोहता न येणारा बुडाला तर ते पाण्याचं काम. पोहता येणारा तरुण, शांत पाण्यात, आवाज न करता बुडाला, तर आधी हृदय थांबलं आणि मग पाण्यानं घेतलं, ही शक्यता धरावीच लागते. आईनं माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. मी 'हृदयविकारानं' असं विचारलं होतं, आणि तिच्या लेखी भाऊ अपघातात गेला होता. तेव्हापासून मी प्रश्न बदलला आहे. आता विचारते : घरात चाळिशीच्या आत कुणी गेलंय का, कशानंही, बुडून, गाडी चालवताना, झोपेत? कारण काय लावायचं ते नंतर बघता येतं.

दोन आजार अशा वेळी डोळ्यांसमोर येतात. पहिला लांब क्यूटीचा. त्याच्या काही प्रकारांत दचकवणारा मोठा आवाज निमित्त होतो, काहींत श्रम, आणि त्यातही पोहणं. १९५७ साली जेर्व्हेल आणि लांगे-नील्सन या डॉक्टरांनी नॉर्वेतल्या एका कुटुंबाचं वर्णन केलं, त्यातल्या मुलांना जन्मतः ऐकू येत नव्हतं आणि ती बेशुद्ध पडत. पुढे रोमानो आणि वॉर्ड यांनी ऐकू येणाऱ्या मुलांतही तोच दोष दाखवला. हिचा क्यूटी मी मोजला होता, आणि तो चांगला होता. मात्र हा आजार असलेल्या काही जणांचा विश्रांतीतला क्यूटी चांगलाच दिसतो, हेही खरं.

दुसरा आजार जास्त कावेबाज आहे. फ्रेंच डॉक्टर फिलिप कूमेल यांनी १९७८ साली त्याचं नेमकं वर्णन केलं. हृदय रचनेनं निर्दोष, एको निर्दोष, विश्रांतीतला ईसीजी निर्दोष. पण मूल धावलं, घाबरलं, चिडलं, अंगात ॲड्रिनलिन चढलं, की निलयातून जादा ठोके निघू लागतात. आधी एकेक, मग एकाआड एक, मग जोड्या, आणि मग एक ठोका एका दिशेचा, पुढचा विरुद्ध दिशेचा अशी सुसाट माळ. मूल कोसळतं. पुष्कळदा अशा मुलांना आधी फिट्सची औषधं दिली जातात. २००१ साली या आजारामागचे दोष जनुकांत सापडले. हृदयाच्या पेशीत कॅल्शियम कोंडून ठेवणाऱ्या दारातली ती गळती आहे. श्रम वाढले की गळती वाढते.

आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. निरुपद्रवी जादा ठोके असलेलं मूल विश्रांतीत अनियमित असतं. या जीवघेण्या आजारातलं मूल विश्रांतीत सहसा घड्याळासारखं नियमित असतं. टेबलावर पडलेल्या मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून घाबरायचं असेल तर खरं म्हणजे ज्याचे ठोके नियमित आहेत त्या मुलाला घाबरायला हवं. ठोके जादा किती आहेत यापेक्षा ते केव्हा येतात आणि केव्हा जातात, हे या मुलीच्या प्रकरणात सगळ्यात आधी कळायला हवं होतं, आणि आम्ही ते अजून पाहिलंच नव्हतं.

होल्टरचा अहवाल संध्याकाळी आला. २४ तासांत १,२१,४०० ठोके, त्यातले ९,८६० जादा, म्हणजे ८.१ टक्के. सगळे सुटे, सलग तीन एकदाही नाहीत. बहुतेक झोपेतले आणि निवांत वेळेतले. पण हा अहवाल मला हवं ते सांगूच शकत नव्हता, कारण अकरा दिवस जिला कोणतेही श्रम करू दिले नव्हते तिनं होल्टर लावूनही बसण्याखेरीज काही केलं नव्हतं. बंदी घातलेल्या मुलाचा होल्टर बंदीचाच अहवाल देतो. एकच अपवाद : आईनं दिलेल्या नोंदीत 'जिना चढली' असं लिहिलं होतं. त्या वेळी वेग १४० पर्यंत गेला होता आणि त्या मिनिटभरात जादा ठोका एकही नव्हता. आशेला पुरेसं. दाखल्याला नाही.

मी फोन केला. पट्ट्याची चाचणी पुढच्या आठवड्यात नाही, उद्या सकाळी. आणि तोपर्यंत धावायचं नाही, पाण्यात जायचं नाही. आदल्या दिवशी जी बंदी मी उठवली होती, तीच आता मी परत घालत होते. पलीकडे आई काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "म्हणजे भावासारखं?" मी म्हणाले, ताई, उद्या बघू, आज मला माहीत नाही.

सकाळी मुलगी नवे बूट घालून आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला धाव म्हणत होतं, त्यामुळे खोलीत तीच एक खुशीत होती. विजेचा झटका देणारं डिफिब्रिलेटर यंत्र पलंगाशेजारी चालू स्थितीत होतं. ते कशासाठी, हे तिनं विचारलं आणि मी सांगितलं. मुलांना खरं सांगितलेलं मुलांना झेपतं. न झेपणारी माणसं काचेपलीकडे बसलेली होती.

ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. उभी असताना हृदयाचा वेग ८८, दर चारपाच ठोक्यांमागे एक जादा. पहिला टप्पा चालण्याचाच, तिथे काही बदललं नाही. दुसऱ्या टप्प्यात वेग ११८ झाला आणि जादा ठोके विरळ झाले. मी पडद्यावरून नजर हलवत नव्हते, कारण वेग १०० ते १३० च्या दरम्यान असतानाच वाईट आजार तोंड दाखवायला लागतो. १३४ वर एक जादा ठोका आला. आकार तोच जुना. त्यानंतर पुढचा येईल म्हणून मी थांबले. १५०. १६५. पडदा स्वच्छ. चौथ्या टप्प्यात ती धापा टाकत धावत होती, १८८, स्वच्छ. साडेबारा मिनिटांनी "बास" म्हणाली तेव्हा वेग १९७ होता आणि १३४ नंतर एकही जादा ठोका आलेला नव्हता.

उतरल्यावर तिला लगेच आडवं केलं. विश्रांतीचा हा काळ मला धावण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. लांब क्यूटी लपलेला असेल तर तो इथे उघडा पडतो : वेग उतरतो पण क्यूटी त्या प्रमाणात आवरत नाही. चौथ्या मिनिटाला सुधारलेला क्यूटी ४८० च्या वर असेल तर निदानाच्या गुणपत्रिकेत त्याला गुण आहे. हिचा ४३२ होता. जादा ठोके तिसऱ्या मिनिटाला, वेग १२० च्या खाली आल्यावर, एकेक करून परतले, जणू बाहेर उभे होते आणि गर्दी ओसरल्यावर आत आले. निरुपद्रवी ठोके असेच वागतात. हृदयाचा मूळ चालक, वरच्या उजव्या कप्प्यातली सायनस गाठ, वेगानं हुकूम सोडू लागली की मधल्या आगाऊ पेशीला बोलायला सवडच मिळत नाही. मूल निजलं, व्हेगसनं लगाम खेचला, की तिला सवड मिळते.

मामाचं काय, हा प्रश्न उरला. त्याचा ईसीजी कधी निघालेला नव्हता, शवविच्छेदनाचा कागद कुणाकडे नव्हता. त्याला खरोखर असा आनुवंशिक आजार होता असं धरलं, आणि तो त्याला आईवडिलांपैकी एकाकडून आला होता असंही धरलं, तरी बहिणीत तो असण्याची शक्यता निम्मी आणि भाचीत पाव. म्हणून मी त्याच आठवड्यात आईला पट्ट्यावर धावायला लावलं. ती आयुष्यात अशी कधी धावली नव्हती. विश्रांतीतला क्यूटीसी ४२८, धावताना एकही जादा ठोका नाही, नंतरही नाही. आजींचाही ईसीजी काढला, "माझा कशाला" म्हणत त्यांनी काढू दिला. तोही ठीक. दुवा मधेच तुटका निघाला, म्हणजे मुलीपर्यंत काही पोहोचलं असण्याची शक्यता पावाहून पुष्कळ खाली आली. शून्य नाही, कारण असे दोष कधी कधी असूनही चाचणीत दिसत नाहीत.

जनुक तपासणीचं बाबांनी विचारलं. मी नको म्हणाले, आणि इथे माझ्याशी सहमत नसलेले सहकारी आहेत. जो गेला त्याचा नमुना असता तर मी लगेच हो म्हटलं असतं. निरोगी मुलीची तपासणी केली की बरेचदा अर्थ न लागणारा एखादा बदल सापडतो, आणि मग तो बदल घेऊन कुटुंब वर्षानुवर्षं दारोदार फिरतं. वह्या भरायची सवय असलेल्या या घराला ती चिठ्ठी देणं मला बरं वाटलं नाही. हृदयाच्या एमआरआयचाही विचार केला आणि सोडला. ठोक्यांचे आकार वेगवेगळे असते, धावताना वाढले असते किंवा एकोत शंका असती तर केला असता.

उपचार काय, यावर सगळ्यात अवघड संवाद आजींशी झाला. "गोळी नाही? मग एवढ्या तपासण्या कशाला?" प्रश्न वाजवी आहे. डॉक्टरांनाही एके काळी हाच प्रश्न पडला होता. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मोठ्या माणसांत असे जादा ठोके दिसले की ते औषधानं दाबायचे, असा रिवाज होता. ठोके दबतही. मग कास्ट नावाच्या मोठ्या चाचणीनं १९८९ मध्ये दाखवून दिलं की ठोके दाबणाऱ्या त्या औषधांच्या गटात मृत्यू जास्त होत होते. ती माणसं वेगळी होती, हृदय जखमी झालेली, आणि त्या निकालावरून मुलांबद्दल थेट काही ठरत नाही. पण कागद सुंदर दिसावा म्हणून औषध देऊ नये, एवढं त्यानंतर माझ्या पिढीच्या हाडीमाशी खिळलं आहे. ॲड्रिनलिनचा जोर उतरवणाऱ्या बीटा ब्लॉकरसारखी मवाळ गोळी दिली तरी मूल मरगळतं, काहींना वाईट स्वप्नं पडतात, लहान मुलांत उपाशीपोटी साखर उतरते, आणि हिच्याकडे गोळीनं बरं व्हावं अशी तक्रारच नव्हती. कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून ती आगाऊ जागा जाळून टाकता येते, पण तो इलाज त्रास होत असेल किंवा सततच्या जादा ठोक्यांनी हृदयाची ताकद उतरत असेल तेव्हाचा. आजींना मी एवढंच सांगितलं की गोळी लागत नाही हे कळायलाच एवढ्या तपासण्या लागल्या. त्यांना ते फारसं पटलं नाही.

आणि ऑक्सिमीटर बंद. बाबांकडून मी तसं कबूल करवून घेतलं. मनगटी घड्याळात आलेल्या ईसीजीबद्दलही त्यांनी विचारलं, त्यालाही नाही म्हटलं. ते मोठ्यांसाठी बनवलेलं आहे, आणि या घरात रोजचा आकडा हाच आजार झाला होता. त्याऐवजी तीन गोष्टी लिहून दिल्या, ज्या झाल्या तर फोन करायचा नाही, थेट यायचं : श्रम करताना किंवा दचकल्यावर बेशुद्ध पडणं, धावताना छाती धडधडून डोळ्यांपुढे अंधारी येणं, किंवा छाती अचानक इतकी पळू लागणं की मोजता येणार नाही. शेवटचं हिच्या ठोक्यांशी संबंधित नाही. ते वेगळ्या, मुलांत जास्त दिसणाऱ्या लयीचं लक्षण आहे, ज्यात मिनिटाला २०० च्या वर ठोके एकदम सुरू होतात आणि एकदम थांबतात. पण आलेच आहेत तर माहीत असू दे, असा विचार केला.

पहिल्या वर्षाच्या होल्टरमध्ये जादा ठोके ११,३०० निघाले. बाबांनी लगेच आधीचा कागद काढला. असे ठोके एका दिवशी आणि दुसऱ्या दिवशीसुद्धा निरनिराळे भरतात, आणि वर्षभर पोहून आलेल्या मुलीच्या एकोत डाव्या निलयाची ताकद जिथल्या तिथे होती. पट्ट्यावर ते पुन्हा १३० च्या आसपास गायब झाले. या वेळी तिला सवय होती, तिनं पडद्याकडे बघत विचारलं, "गेले का?" दुसऱ्या वर्षी २,१४०. तिसऱ्या वर्षी, ती तेराची असताना, दिवसभरात ३८. पट्टा तिसऱ्या वर्षीही केला, कारण मामा सतरा वर्षांचा होता हे मी विसरले नव्हते. का गेले, असं आईनं विचारलं. मुलांचे असे ठोके पुष्कळदा आपोआप जातात, एवढंच मी सांगू शकले.

दाखल्याचं सांगायचं राहिलं. पहिल्या वर्षी मी लिहिलं होतं : हृदयाची रचना आणि कार्य व्यवस्थित, श्रमानं जादा ठोके नाहीसे होतात, स्पर्धेत पोहण्यास हरकत नाही. आईनं वाचलं आणि म्हणाली, "डॉक्टर, पाण्यात एकटी सोडू नये, असं पण लिहा." ते कुठल्याही मुलाला लागू आहे, त्यासाठी हृदयरोगतज्ज्ञ लागत नाही, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही, लिहून दिलं.

तिसऱ्या वर्षी ३८ चा अहवाल हाती घेऊन मी दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला. आईनं तो उभ्या उभ्या वाचला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"ती ओळ राहिली," ती म्हणाली.